होंगसावरून नको

होंगसावरून नको, मानोप — मगाशीच सांगितलं ना तुला, कुठूनही ने, होंगसावरून नको. त्या फोनमध्ये काय बघतोस, इकडं बघ, चुलीकडं. हा चहाचा पेला म्हणजे आपलं गाव. ही चुलीची कड म्हणजे थायलंड आणि लाओसची हद्द — इथं, हुआय कोनच्या नाक्यावर, आपण पलीकडं उतरायचं. उतरलं की वरच्या अंगाला वळायचं, पाकबेंगला, तिथं मेकोंगवर आता पूल झालाय म्हणतात, पुलावरून पार व्हायचं, मग उदोमसाय, मग खाली लुआंगप्रबांग, आणि तिथून चढ, नुसता चढ, वळणावर वळण, ते थेट नोंग हेतपर्यंत. हा मक्याचा दाणा म्हणजे नोंग हेत. म्हातारा तिथला, मीही तिथलीच. लांब पडतं? पडू दे की. डिझेल माझा तेंग भरणार आहे, तुझ्या काय बापाचं जातंय. एवढे डोंगर आम्ही पायी ओलांडले, तू बसून ओलांडणार, त्यात तुझी कंबर मोडते होय.

माणसं किती ते विचारलंस — तीन. मी, माझा मुलगा तेंग, आणि पुढं, तुझ्या शेजारच्या सीटवर, म्हातारा. म्हातारा म्हणजे माझा नवरा. हो, तोच, झोंग पाओ, मागच्या थंडीत गेला तो — तू आला होतास की मयताला, फाटकापाशी उभा राहून गेलास, आत आला नाहीस, मी पाहिलं होतं. अरे, पेला नीट धर, सांडशील. तेंगनं सांगितलं नाही तुला? वाटलंच मला. हा मुलगा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारा. ‘आईला जरा गावाकडं फिरवून आणायचंय’ एवढंच म्हणाला असेल. तर ऐक, फिरायला नाही जायचं. म्हाताऱ्याला पोचवायला जायचंय. सीटवर नुसता त्याचा कोट असेल, काळा, मी शिवलेला, त्याला तो तुमचा पट्टा लावायचा की झालं. गळ्यातला ताईत सारखा चाचपू नकोस. म्हातारा कुणाला काही करत नाही — जिवंतपणी नाही केलं, आता काय करणार.

तुम्ही खालच्या मैदानातली माणसं जाळता, राख गोळा करता, मोकळे होता — बरं आहे तुमचं. आमच्यात मेलेल्याला चालावं लागतं. म्हणजे बघ, मूल जन्मलं की आईची वार पडते ना, ती आम्ही घरातच पुरतो — मुलाची मधल्या खांबाशी, मुलीची पलंगाखाली. तो माणसाचा पहिला सदरा. मेल्यावर तो सदरा अंगात घातल्याशिवाय वाडवडील दारात उभं करत नाहीत. मग तो आणायला उलटं चालत जायचं — जिथं मेलास तिथून, जिथं जिथं राहिलास त्या एकेका गावातून, मागं मागं, जन्माच्या घरापर्यंत. आणि मेलेल्याला कुठं एवढं सुचतं, तो तर गोंधळलेला असतो, म्हणून मयताशेजारी वाट सांगणारा बसतो. तो सांगतो — झोंग पाओ, ऊठ, कोंबड्याच्या मागनं जा, हे पहिलं गाव, इथल्या जागेवाल्या देवाला म्हण, बाबा, तुझं पाणी प्यालो, तुझं लाकूड जाळलं, हे तुझे कागदी पैसे घे आणि मला सोड. सोडलं की पुढचं गाव. असं करत करत. एक गाव जरी गाळलं तरी तिथला जागेवाला काठी आडवी धरतो — इतके दिवस माझं खाल्लंस आणि न सांगता चाललास होय. बरोबरच आहे त्याचं. आपणही तेच केलं असतं.

तर ते तसं झालंय. म्हाताऱ्याचं एक गाव गळलं. आता गळलं कसं — तर वाट सांगणाऱ्यानं विचारलं, हा कुठं कुठं राहिला होता, आणि पुरुषमंडळी पुढं सरसावली. थोरले दीर बोटांवर मोजत सांगायला लागले, हे गाव, ते गाव, मग निर्वासितांची छावणी, मग इथं. ते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे, आयुष्यभर तेच केलं. बायकांना कोण विचारतं? मी डोक्याशी बसून माश्या वारत होते आणि रडत होते, तेवढं काम आमचं. सांगून झालं, ढोल वाजला, पुरून झालं, सगळे जेवून गेले. आणि तिसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, म्हातारा परत आला. त्या तिथं, चुलीच्या पलीकडं, बुटक्या स्टुलावर बसून खोकला. खोकला ओळखते मी त्याचा, चाळीस वर्षं ऐकलाय. नाही, तू बसलायस ते नाही, त्याच्या पलीकडचं. बस रे, बस, आत्ता नाही तो. संध्याकाळी येतो.

रोज जातो आणि रोज परत येतो. सकाळी अंगणात पाय उमटलेले असतात, बाहेर जाणारे, आणि संध्याकाळी आत येणारे. वाटेत कुठल्यातरी डोंगराशी त्याचं घोडं पेंड खातंय. भगत आला होता, त्यानं थाळी वाजवली, थरथरला, घामानं भिजला, आणि म्हणाला, वाटेतलं एक ठिकाण सुटलंय, कुठलं ते म्हाताऱ्याला सांगता येत नाही, ज्याला ठाऊक असेल त्यानं तोंडानं सांगावं. कुणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर तेंगनंच काढलं हे — गाडी करू, बाबांचा कोट घेऊ, ज्या वाटेनं आलात ती सगळी वाट उलटी जाऊ, प्रत्येक ठिकाणी उतरू आणि जागेवाल्याचे उपकार मानू, त्यात ते सुटलेलंही येऊन जाईल. पोराचं डोकं चालतं, नाही असं नाही. पण नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, तसं आपल्या गाडीचं चाललंय. पहिला ड्रायव्हर म्हणाला, रस्ता खचलाय. दुसऱ्याला मीच म्हटलं, मका काढून होऊ दे. तिसरा तुझ्यासारखाच होंगसा होंगसा करत बसला, त्याला म्हटलं, ये पुढच्या आठवड्यात, तो काही आला नाही.

तर पाकबेंगवरून. काय? तू नेल्यास ना आमच्या ह्मोंग माणसांच्या गाड्या भरभरून, आणि सगळी होंगसावरूनच गेली? गेली असतील. लढाईनंतर नोंग हेतकडनं जीव घेऊन पळालेली बहुतेक माणसं होंगसाच्याच डोंगरांतून हद्दीला आली, खरं आहे ते, मी कुठं नाही म्हणते. आम्ही नाही आलो. आम्ही — आम्ही वरनं आलो. कुठं म्हणजे, वरनं. आता कोण लक्षात ठेवतं, रात्रीचं चालायचं, दिवसा झाडीत पडायचं, डोंगरावर काय पाट्या लावल्यात? आणि तिकडं जळवा फार आहेत. दरडी पडतात. पूल वाहून गेलाय. तू गेल्याच महिन्यात गेलास आणि पूल होता? मग आता गेला असेल. माझ्याशी हुज्जत घालू नकोस बाबा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे.

हद्दीवर कोट दाखवावा लागेल का रे? नाही म्हणजे, म्हाताऱ्याकडं पासपोर्ट नाही. कधीच नव्हता. नुसतं इथलं कार्ड मिळावं म्हणून किती उन्हाळे कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्यानं. जन्म कुठला — नोंग हेत. दाखला — नाही. दाखला का नाही — आमच्याकडं दाखला खांबाशी पुरतात, म्हणाला हा, त्या साहेबाला. साहेब हसला आणि पुढच्या वर्षी ये म्हणाला. कार्ड नाही म्हणून हद्द ओलांडता येईना, आणि गाव डोळ्यांनी बघायचं तसंच राहून गेलं. पलीकडचा डोंगर आपल्या शेतातनं दिसतो, तिथं मक्यात उभा राहून बघत बसायचा. मी हाक मारायची, अरे, मका उपट की तण उपट. तर म्हणायचा, तणच उपटतोय, आणि हातात काहीच नाही. आता बिनकार्डाचा जाईल. कोटाला कोण काय विचारतंय. कोंबडा मात्र तिकडं नेऊ देत नाहीत म्हणे, तिकडंच घ्यावा लागेल एखादा.

खरं सांगू का तुला — चहा घे आणखी, लाजू नकोस — मला काही त्याचा त्रास नाही. लोक म्हणतात, मेलेलं माणूस घरात, कसं गं राहवतं तुला. राहवतं. जिवंत होता तेव्हा घरात टिकायचा कुठं? शिकार, नाहीतर शेत, नाहीतर कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, हा पुढं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती म्हण ह्याच्याबाबतीत तरी खरी ठरली — आता रोज दिवेलागणीला घरी. मी मोहरीचा पाला उकडते, भात काढते, त्याचा वाडगा ठेवते. सून तोंड वाकडं करते. करू दे. मी बोलते, तो ऐकतो. आज कोबीला भाव नाही. आज तेंगचा फोन आला. तुझ्या थोरल्या भावाचा गुडघा गेला, चांगलं झालं. जिवंतपणी मी एक वाक्य बोलले की हा दोन बोलायचा, आता माझं सगळं होईपर्यंत ऐकतो आणि मग एकदा खोकतो. बाईमाणसाला आणखी काय पाहिजे असतं रे? त्याची घाई काय आहे, मला सांग. वाडवडील कुठं पळून चाललेत? इतकी वर्षं थांबलेत, आणखी थांबतील.

घाई आहे ती ह्या पोरीपायी. माझी नात, गाओ — आतल्या खोलीत झोपलीय ना, तीच. सहावं लागेल आता. पाऊस संपल्यापासून ताप. दवाखान्यात नेलं, रक्त काढलं, गोळ्या दिल्या, चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. अंगात काही राहिलं नाही, नुसते डोळे. आणि ती बोलते त्याच्याशी. मी बोलते तशी नाही — मी बोलते आणि तो खोकतो, एवढंच. तिच्याशी तो बोलतो. भगतानं तेंगला बाजूला घेऊन सांगितलं, म्हाताऱ्याला वाट मिळत नाही, वर्षाचा सण आला, सणाला सगळे वाडवडील जेवायला येतात, हा त्यांच्यात नसला तर हा कुणाला तरी सोबतीला धरून बसेल, आणि लहान पोराचा जीव हलका असतो. मी ऐकलं ते, भिंतीला कान आहेत माझ्या. म्हटलं, चल, भगतांना तेवढंच सुचतं, डुक्कर कापायला निमित्त. म्हातारा नातीवर जीव टाकायचा, तो तिला कशाला नेईल. तिला खांद्यावर बसवून मक्यातनं फिरवायचा. तो नेणार नाही.

थांब, उठली वाटतं. — झोप गं बाळा, इथंच आहे मी. — काय? — कोण विचारतंय?

…

काही नाही. तापात बडबडते ती. तुला आमची भाषा कळत नाही ते बरं आहे. काय म्हणाली? काही म्हणाली नाही. पाणी मागितलं. तू आपलं पाकबेंगचं बघ, पाकबेंगला मुक्काम करायचा का पुढं उदोमसायला — उदोमसायला नको, तिथं — तिथं —

मानोप, माझा हात धर जरा. नाही, चक्कर नाही. बस. तूही बस.

ती म्हणाली, “आजी, आजोबा विचारतायत, नूला काय आवडतं?”

हे नाव ह्या घरात कुणाला माहीत नाही. तेंगला माहीत नाही. सुनेला तर नाहीच. म्हाताऱ्यानं आणि मी हे नाव हद्द ओलांडल्यापासून एकदाही तोंडातून काढलं नाही, एकमेकांजवळसुद्धा नाही, अंधारातसुद्धा नाही. थोरल्या दिरांना माहीत होतं, पण मयताला आले तेव्हाही त्यांच्या ओठांवर आलं नाही — त्या दिवसांत कुणाचं कमी झालं ते कुणी विचारत नसे, सगळ्यांच्याच घरात एखादं कमी असायचं. मग ह्या पोरीला कुणी सांगितलं? मला विचारतोस का? तुला काय वाटतं, कुणी सांगितलं असेल?

नू माझी मुलगी. तेंगच्या आधीची. मेकोंग ओलांडून आम्ही ह्या काठाला आलो, होंगसाच्या मागच्या डोंगरात शिरलो — हो, होंगसाच्याच, आता काय लपवू — आणि तिला ताप भरला. बाकीचे पुढं गेले. थांबता येतच नव्हतं, शिपाई माग काढत होते, पुढं गेलेल्यांना मी दोष देत नाही. आम्ही तिघं मागं राहिलो. म्हाताऱ्यानं, तेव्हा कसला म्हातारा, तुझ्याहून तरणा, त्यानं केळीच्या पानांचं छप्पर घातलं एका ओढ्याकाठी, उंबराच्या बुंध्याशी. अख्खा पावसाळा तिथं काढला. त्या ओढ्याचं पाणी प्यालो, त्या रानाचं ओलं लाकूड फुंकून फुंकून जाळलं, कंद खाल्ले. मधे ती बरी झाली होती. खडे वेचून खेळायची, उंबरं वेचून मला आणून द्यायची, आतले किडे झटकून. मग पुन्हा पडली. आणि गेली. ह्यानं कोयत्यानं जमीन खणली. ढोल नाही, कोंबडा नाही, वाट सांगणारा नाही. दोन दिवस त्या मातीवर हात ठेवून बसला होता, मी उठवला तेव्हा उठला. त्या डोंगराला काय म्हणतात तेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. कुणाला विचारणार? माणूस दिसलं की आम्हीच लपत होतो.

तेच गळलं. दुसरं काय गळणार. थोरल्या दिरांनी छावणीनंतर एकदम मेकोंग सांगितली, मधला पावसाळा त्यांच्या हिशेबातच नव्हता. रडारडीत माझ्याही ध्यानात आलं नाही. म्हातारा परत येऊन खोकला तेव्हा आलं — बसल्या जागी आलं. भगत विचारत होता, कुणाला ठाऊक आहे का, तेंग माझ्याकडं बघत होता, आणि मी म्हटलं, नाही बाई.

असं बघू नकोस माझ्याकडं. तुझी बायको आहे ना? जिवंत आहे ना? मग तुला नाही कळायचं. नूलाही कुणी वाट सांगितली नव्हती, म्हणजे ती तिथंच आहे, त्या उंबराखाली, तेवढीच्या तेवढी. हा तिथं पोचला म्हणजे तिला बघणार. बघितल्यावर तिला उचलून खांद्यावर घेणार, आणि दोघं मिळून चालायला लागणार — गावामागून गाव, नोंग हेतला, आपल्या घरी, जिथं ह्याचा सदरा खांबाशी आहे आणि तिचा माझ्या पलंगाखाली. आणि मी इथं कोबी कापत बसणार. दोघंही एका दमात जाणार माझे. म्हणून नाही सांगितलं. मला तो घरात हवा होता. खोकणारा तर खोकणारा. मी रोज म्हणायची, उद्या सांगेन. सण येऊ दे, सांगेन. मका होऊ दे, सांगेन. तुला पाकबेंगवरून फिरवून आणलं असतं, आणि परत येऊन म्हटलं असतं, बघा, केलं सगळं, तरी नाही जात बिचारा.

पण आता तोच विचारतोय, तिला काय आवडतं. म्हणजे त्याला आठवतंय. म्हणजे तो काही माझ्यासाठी परत येत नव्हता मानोप. तो रोज त्या डोंगराशी जातो, तिथनं त्याला ती दिसते, आणि आत जाऊ देत नाहीत. मग इथं येतो नि माझ्यासमोर बसतो. खोकतो. मला वाटायचं, माझं ऐकतोय. तो वाट बघत होता, मी कधी बोलते त्याची.

— काय गं? गाओ? उठू नकोस. अंथरुणातनं उतरू नकोस, पाय गार पडतील.

मानोप, तिनं आता काय विचारलं सांगू? “आजी, माझ्या चपला कुठंयत? आजोबा म्हणतायत, नूला खेळायला कुणी नाही.”

उठ. उठ मानोप, त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहा. आत जायचं नाही, नुसता दार अडवून उभा राहा, ती आली तर तिला धर, घट्ट धर, रडली तरी सोडू नकोस. गाडी? आता कसली गाडी. तेंगचे कागद व्हायचे, तुझ्या गाडीचे व्हायचे, हद्दीवर शिक्के, तोपर्यंत ही पोर चपला घालून निघाली असेल. बायका वाट सांगत नाहीत, ठाऊक आहे मला. नसतील सांगत. पुरुषांनी सांगितलेली पाहिली.

झोंग पाओ. आलास ना, आज लवकर आलास. बस. नको, बसू नकोस, उभाच राहा आणि ऐक. तुझ्या भावानं चुकीची वाट सांगितली, मी बरोबर सांगते. ह्या घराच्या मधल्या खांबाला म्हण, बरं केलंस, छप्पर धरलंस. चुलीला म्हण, ऊब दिलीस. अंगणातनं निघ, मक्यातनं जा, मक्याकडं बघत थांबू नकोस. छावणीच्या जागेवर आता शाळा आहे, तिथल्या जागेवाल्याला म्हण, तुझं पाणी प्यालो, रांगेत उभं राहून प्यालो, पण प्यालो. हद्दीवर कुणाला कार्ड दाखवू नकोस, मान वर करून जा. मग पहिला डोंगर उतर, दुसरा चढ. होंगसाच्या मागचा. तिथं ओढा आहे आणि ओढ्याकाठी उंबर. तो जागेवाला काठी आडवी धरेल, त्याला म्हण, बाबा, अख्खा पावसाळा तुझं पाणी प्यालो, तुझं ओलं लाकूड जाळलं, तुझी कंदमुळं खणली, आणि आमचं पोर तुझ्यापाशी ठेवून गेलो. इतकी वर्षं सांभाळलंस, तुझे उपकार आहेत. तुझं नाव आम्हाला माहीत नव्हतं म्हणून घेतलं नाही, माझ्या बायकोनं तर माहीत असूनही तुझी जागा सांगितली नाही, तिच्यावर रागावू नकोस, ती एकटी पडते. आजपासून आम्ही तुला नूचा डोंगर म्हणू. आता आम्हा दोघांना सोड.

आणि तिला उचल. तिला उंबरं आवडतात, विचारत होतास ना — उंबरं, किडे झटकून. गाओला इथंच राहू दे, नूला तू आहेस, आणखी कुणी लागत नाही. तिला घे आणि पुढं चल. मेकोंगला म्हण, तराफा बुडवला नाहीस. लुआंगप्रबांगच्या पलीकडची गावं तुझ्या भावानं नीट सांगितली होती, तशीच जा, ती बरोबर आहेत. नोंग हेतला घर नसेल, घराची जागा असेल, खांबाचा खळगा असेल. तुझा सदरा तिथं आहे. पलंगाच्या जागेवर तिचा आहे, तिला घालताना बाही उलटी होते, आधी हात घाल मग डोकं. माझ्यासाठी थांबायचं नाही. माझं मी येईन. मला वाट पाठ आहे.

…

झोपली का ती? बघ जरा, हात लाव कपाळाला. भिऊ नकोस, ती जिवंत पोर आहे, तिला काय भितोस. — घाम आलाय? बरं. बरं झालं. पांघरूण घाल. डावा पाय बाहेर काढते ती, तो राहू दे.

आता तू जा मानोप. चहाचं भांडं तिथंच ठेव, मी विसळीन. तेंगला फोन कर आणि सांग, आई म्हणते गाडी नको. का ते विचारलं तर म्हण, आईलाच विचार. नूचं मी सांगेन त्याला, तू सांगू नकोस, ते माझं आहे. निघ. — अरे, असा दारात काय खांबासारखा उभा राहिलास? बाजूला हो. आणखी थोडा. त्याला जायचंय ना.

हं. आता काही बोलू नकोस. अंगणात पोचलाय आणि वळून बघतोय, आणि आता माझं तोंड उघडलं, तर मी त्याला थांब म्हणेन.